पिअर वर्करच्या पाठीशी उभं राहताना: नव्या सुपरवायझरसाठी

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण सहज म्हणून जातो. मानसिक आरोग्यसेवेत या म्हणीवर एक अख्खी नोकरी उभी आहे. नैराश्य, सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं), व्यसन किंवा आत्महत्येचे विचार यांतून स्वतः गेलेला आणि त्यातून आपली वाट काढलेला माणूस पगारी कर्मचारी म्हणून दुसऱ्या पेशंटसोबत बसतो, त्याला पिअर सपोर्ट वर्कर म्हणतात. शब्दकोशात ‘पिअर’ला ‘समवयस्क’ असा प्रतिशब्द सापडेल, पण इथे तो चालणार नाही, कारण वयाचा इथे काहीच संबंध नाही. पंचविशीतली मुलगी साठीच्या गृहस्थांची पिअर असू शकते. ‘समानुभवी’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे. कामावर मात्र सगळे पिअर वर्करच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमच्या टीममध्ये पहिल्यांदा पिअर वर्कर येणार असेल आणि त्यांची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

सुपरवायझर म्हणून ते माझं पहिलंच वर्ष होतं. सोमवारी सकाळी आमची पिअर वर्कर माझ्या खोलीत आली. आवाज चढलेला, डायरी धरलेला हात थरथरत होता. मी दार लावून घेतलं, खुर्ची पुढे केली आणि शक्य तितक्या मायेने विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना?” ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. डायरी मिटली, पेन तिच्या कडेला अडकवलं. “मॅडम, सात नंबरच्या पेशंटला शुक्रवारी संध्याकाळी घरी सोडलं. सोमवारी भेटते असं मी त्याला सांगून गेले होते. मला कुणी कळवलं नाही.” एवढं बोलून ती निघून गेली.

तिचा राग रास्त होता. असाच राग एखाद्या नर्सने दाखवला असता, तर डिस्चार्ज परस्पर कसा झाला याची मी चौकशी केली असती. इथे मी चौकशी केली ती तिच्या गोळ्यांची. पिअर वर्कर टिकत नाहीत तेव्हा ‘झेपलं नाही बिचाऱ्यांना’ असं म्हणायची पद्धत आहे. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा काम झेपलेलं असतं. झेपत नाही ते सहकाऱ्यांनी आपल्याला सतत पेशंट म्हणून बघणं. म्हणून खालच्या बऱ्याचशा पायऱ्या पिअर वर्करपेक्षा आपल्याला आणि आपल्या टीमलाच चढायच्या आहेत.

पायरी १: माणूस येण्याआधी टीमची तयारी

नेमणुकीच्या निदान महिनाभर आधी डॉक्टर, नर्स, समाजसेवक, सफाई कर्मचारी, रिसेप्शन अशा सगळ्यांसोबत बसा. लोकांना मनातल्या शंका मोकळेपणी बोलू द्या. ‘त्यांना पुन्हा त्रास झाला तर?’, ‘पेशंटची माहिती बाहेर गेली तर?’, ‘औषधं बंद करा असं सांगत सुटले तर?’ हे प्रश्न येतातच. ते दाबून टाकले तर पुढे टोमणे होऊन बाहेर पडतात.

ही कल्पना काल-परवाची नाही, हेही टीमला सांगा. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात जाँ-बाप्तिस्त प्युसँ नावाचा गृहस्थ मनोरुग्णांच्या विभागाची व्यवस्था बघत होता. तो स्वतः त्याच रुग्णालयात गंडमाळेवर उपचार घेऊन बरा झालेला. मानसिक आजारातून सावरलेल्या लोकांना तो सेवक म्हणून कामावर घेई. १७९३ मध्ये तिथे आलेल्या फिलिप पिनेल या डॉक्टरने ही पद्धत पाहिली आणि अशी माणसं पेशंटशी अधिक माणुसकीने वागतात, असं मत नोंदवलं. बिसेत्रमध्ये रुग्णांच्या साखळ्या प्युसँने काढल्या, १७९७ मध्ये. श्रेय मात्र बराच काळ पिनेललाच मिळत राहिलं.

मग ‘याने खरंच फरक पडतो का?’ हा प्रश्न येईल. त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. इंग्लंडमधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रायसिस टीमच्या (त्रास एकदम वाढला की घरी येऊन तातडीचे उपचार देणाऱ्या पथकाच्या) सेवेतून बाहेर पडलेले ४४१ जण होते. त्यांतल्या निम्म्यांसोबत पिअर वर्करनी बसून स्वतःची काळजी घेण्याची एक पुस्तिका भरली. उरलेल्यांना तीच पुस्तिका पोस्टाने गेली. वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारांची वेळ आली ती पहिल्या गटात २९ टक्के लोकांवर आणि दुसऱ्या गटात ३८ टक्के लोकांवर. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी रुग्णालयातून घरी गेलेल्या ५९० जणांवर झाली. तिथे पिअर वर्करची सोबत मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांच्यात पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात फरक जवळजवळ नव्हता. पिअर वर्कर नुसता नेमला की काम झालं, असं यातून कुणालाच म्हणता येत नाही. मी यातून घेते ते एवढंच: काम काय, कुणासोबत आणि किती वेळा, हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

पायरी २: काम काय आणि काय नाही, हे कागदावर

ही पायरी घाईत उरकू नका. पुढची निम्मी भांडणं इथेच टळतात.

पिअर वर्करचं काम म्हणजे पेशंटसोबत बसणं, ऐकणं, उपयोगी पडेल तेवढा स्वतःचा अनुभव सांगणं, डॉक्टरांना काय विचारायचं याची तयारी करून घेणं, पहिल्यांदा बाहेर पडताना सोबत जाणं, गट चालवणं. आणि जिथे टीमचं वागणं पेशंटला टोचतं, तिथे ते बोलून दाखवणं.

काय नाही, हे तितक्याच ठळकपणे लिहा. गोळ्या गिळल्या की नाही हे बघणं त्यांचं काम नाही. ‘तुमचं ऐकतो तो, जरा सही घ्या ना’ हे नाही. पेशंट मनातलं बोलला की ते टीमला पोचवणारा खबऱ्या, हे तर मुळीच नाही. पेशंटला जबरदस्तीने धरणं, बांधणं, इंजेक्शनसाठी दाबून ठेवणं यात पिअर वर्करचा हात कधीही लागता कामा नये. मनुष्यबळ कितीही कमी असो, या नियमाला अपवाद करू नका. ज्याने एकदा तुमचे हात धरून ठेवले, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी तुम्ही मन मोकळं कराल का? शिवाय त्या पिअर वर्करला स्वतःलाही कधी असंच धरलेलं असू शकतं.

नेमणूक शक्यतो दोघांची करा. एकटा पिअर वर्कर म्हणजे वीस जणांच्या टीममध्ये वेगळं बोलणारा एकच माणूस. तो एक तर गप्प होतो, नाही तर हळूहळू आपल्यासारखाच बोलायला लागतो, आणि मग त्याला नेमण्यात अर्थ उरत नाही. दोघांइतका निधी नसेल तर दोघांना अर्धवेळ घ्या.

पगार, रजा, ओळखपत्र, मीटिंगमधली खुर्ची, स्टाफ रूमची किल्ली इतरांसारखीच द्या. ‘सेवाभावी’ म्हणून मानधनावर भागवू नका. आणि भाषेकडे लक्ष ठेवा. डॉक्टरांना ‘तुम्ही’ आणि पिअर वर्करला पहिल्याच दिवसापासून ‘अरे, इकडे ये’ असं होत असेल, तर टीम त्यांना कुठे बसवते आहे ते कळतं. मैत्री झाल्यावर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करोत, पण दोन्ही बाजूंनी.

पायरी ३: मुलाखत

आजाराचं निदान काय होतं, ते विचारू नका. ‘किती वेळा ॲडमिट झाला होतात?’ हेही नको. ‘तुम्हाला सावरायला कशाची मदत झाली? सेवेतली कुठली गोष्ट खटकली? तुमच्याहून अगदी वेगळ्या मार्गाने सावरू पाहणाऱ्या माणसासोबत तुम्ही कसे बसाल?’ हे विचारा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘मी ध्यानाने बरा झालो, तेव्हा सगळ्यांनी ध्यानच करावं’ असं मानणारा माणूस चांगला असला तरी या कामाला अजून तयार नाही. मुलाखत घेणाऱ्यांमध्ये निदान एक जण स्वतः हा अनुभव घेतलेला असावा.

निवडलेली व्यक्ती पूर्वी तुमच्याच संस्थेत पेशंट असेल, तर रुजू होण्याआधी त्यांचा जुना केसपेपर सहकाऱ्यांना उघडता येणार नाही अशी सोय करा. नुसत्या तोंडी सूचनेवर भागवू नका, कुतूहल फार वाईट असतं. आजही त्यांचे उपचार तिथेच चालू असतील तर त्यांची नेमणूक दुसऱ्या विभागात करा. आपले डॉक्टर आणि आपले सहकारी एकच असले की माणसाला ना धड पेशंट होता येतं ना धड कर्मचारी.

पायरी ४: स्वतःची गोष्ट सांगायला शिकणं

पहिले दोन-तीन आठवडे कुणासोबत तरी राहून काम बघू द्या. गोपनीयता, धोका ओळखणं, नोंदी हे प्रशिक्षण द्यायचंच. पण खरा वेळ द्या तो एकाच गोष्टीला: आपला अनुभव किती सांगायचा, केव्हा, आणि कुणासाठी.

एकदा परवानगी घेऊन मी एका भेटीला कोपऱ्यात बसले होते. समोरचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, “रात्री मला आवाज येतात.” आमचा पिअर वर्कर थोडा थांबला आणि म्हणाला, “मलाही यायचे. चार वर्षं.” मुलाने मान वर केली. पिअर वर्कर आणखी काहीच बोलला नाही. मग विचारलं, “तुला काय म्हणतात ते?” आणि तो मुलगा बोलायला लागला. चार शब्दांत स्वतःची गोष्ट सांगून झाली होती.

नवीन माणसाच्या हातून उलटंही होतं. पेशंट एक वाक्य बोलतो आणि पिअर वर्कर वीस मिनिटं स्वतःबद्दल सांगत राहतो. यात वाईट हेतू नसतो, इतकी वर्षं कुणी ऐकलेलंच नसतं. अशा वेळी ओरडू नका. नंतर शांतपणे एकच प्रश्न विचारा: “ते सांगितलंत ते कुणासाठी?” हाच प्रश्न पुढे ते स्वतःला विचारायला लागतात. ज्या आठवणीवर अजून खपली धरलेली नाही, ती कामावर काढू नये हेही सांगा. काय सांगायचं नाही याची एक छोटी यादी ज्याने त्याने आधीच मनाशी करून ठेवावी आणि ती कुणालाही, सुपरवायझरलाही, दाखवायचं बंधन नसावं.

आणखी एक. टीमने, पाहुण्यांनी किंवा देणगीदारांनी ‘जरा तुमची स्टोरी सांगा ना’ म्हटलं तर नकार द्यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तो नकार तुम्ही त्यांच्या वतीने द्यायला शिका.

पायरी ५: आठवड्याचा एक तास

अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ पासून पिअर सपोर्टचा खर्च मेडिकेड या सरकारी योजनेतून द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने अशा सेवेसाठी सगळ्या राज्यांना किमान अटी कळवल्या, त्यांत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रासोबत सुपरव्हिजन ही अट होती. कागदावर ती पाळणं सोपं आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ‘काही अडलं तर सांगा’ यालाच सुपरव्हिजन म्हणतात.

पहिले सहा महिने दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एक तास, दार लावून, फोन बाजूला ठेवून बसा. वेळ पुढे ढकलावी लागली तर त्याच आठवड्यात भरून काढा. मी साधारण हे विचारते: या आठवड्यात कुठल्या भेटीनंतर जड वाटलं? कुठे तुम्हाला नर्सचं किंवा शिपायाचं काम दिलं गेलं? मीटिंगमध्ये काहीतरी बोलावंसं वाटलं आणि बोलला नाहीत, असं काही झालं का? कुणाशी नातं मैत्रीकडे झुकतंय का? आणि मी काही करायला हवं होतं, ते राहिलं का? या शेवटच्या प्रश्नाला पहिले काही महिने ‘नाही, सगळं छान’ असंच उत्तर येतं. विचारत राहा. ज्या दिवशी खरं उत्तर येईल त्या दिवशी स्वतःचं समर्थन करू नका, लिहून घ्या.

हा तास उपचाराचा नाही. तुम्ही डॉक्टर किंवा समुपदेशक असलात तरी त्या तासात नाही. त्यांच्या झोपेची, भुकेची, चेहऱ्याची तपासणी करायची सवय दाराबाहेर ठेवा.

तुम्ही स्वतः पिअर नसाल, तर महिन्यातून एकदा तरी त्यांना एखाद्या अनुभवी पिअर वर्करशी बोलता यावं अशी व्यवस्था करा. दुसऱ्या संस्थेतला असला, फोनवर असला तरी चालेल. आपण कितीही मनापासून ऐकलं तरी काही गोष्टी आपल्याला सांगितल्या जात नाहीत. तशा त्या सांगितल्या जाऊही नयेत.

पायरी ६: सीमारेषा, आधी ठरवलेल्या

नर्स-डॉक्टरांचे नियम जसेच्या तसे उचलून इथे लावू नका. पिअरचं नातं मुळातच बरोबरीचं आणि जवळचं असतं. तरीही फोन कोणता द्यायचा (संस्थेचा), किती वाजेपर्यंत उचलायचा, पैसे उसने द्यायचे का (नाही), पूर्वी सोबत ॲडमिट असलेला मित्र आज पेशंट म्हणून आला तर काय, हे आधी बोलून ठेवा. मित्राच्या बाबतीत मी सांगते: मैत्री तशीच राहू द्या, त्याच्यासोबतचं काम दुसऱ्याकडे द्या.

औषधांबद्दल ‘घ्या’ किंवा ‘बंद करा’ हे दोन्ही त्यांनी म्हणायचं नाही. ‘मला त्या गोळीने दिवसभर झोप यायची, मग मी डॉक्टरांशी बोललो’ एवढं म्हणू शकतात, आणि ते पुष्कळ असतं.

जिवाला धोका असेल तेव्हाचा नियम पेशंटला पहिल्याच भेटीत कळायला हवा. आमच्याकडची एक जण तो असा सांगते: “आपलं बोलणं आपल्यात. पण तुझ्या जिवावर बेतेल असं काही असेल तर ते मी एकटी मनात ठेवणार नाही. आणि कुणाला सांगेन ते आधी तुला सांगून.” प्रसंग आलाच तर डॉक्टर येईपर्यंत आणि आल्यावरही, पेशंटला हवं असेल तर, तिने तिथेच थांबावं. माहिती देऊन निघून गेलं की तो विश्वास परत मिळत नाही.

नोंदी शक्य असेल तिथे पेशंटसमोर, त्याला वाचून दाखवून लिहाव्यात.

पायरी ७: वाईट दिवस

सगळ्यांनाच येतात. पिअर वर्करचा वाईट दिवस म्हणजे आजार उलटला, असं धरून चालू नका. घरचं भांडण असेल, पाठ दुखत असेल, किंवा माझ्या बाबतीत झालं तसं तुमच्याच व्यवस्थेने त्यांना तोंडघशी पाडलेलं असेल. विचारायचं असेल तर कुणाही सहकाऱ्याला विचाराल तेच विचारा: “काय झालं?”

आपल्याला काय झेपतं, त्रास वाढू लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा काय करायचं, हे लिहून ठेवणं अनेकांना उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९९७ च्या सुमारास मेरी एलन कोपलंड आणि स्वतः हा त्रास भोगलेल्या लोकांनी मिळून अशी एक पद्धत बसवली. ‘वेलनेस रिकव्हरी ॲक्शन प्लॅन’ किंवा थोडक्यात ‘रॅप’ या नावाने ती आज अनेक देशांत वापरली जाते. पण हा कागद ज्याचा त्याचा. तो मागून घेऊन फाइलला लावू नका, त्यातलं जे सांगावंसं वाटेल तेवढंच ते सांगतील. आणि अशी योजना फक्त पिअर वर्करकडूनच करून घेतली तर संदेश वाईट जातो. मी आधी माझी लिहिली, मग सगळ्या टीमला लिहायला सांगितली. एका नर्सने नंतर सांगितलं की तिला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त होती.

आजारपणाची रजा लागलीच तर ती इतरांच्या रजेसारखीच. कुणी भेटायला जायचं, टीमला काय सांगायचं, हे त्यांना विचारून ठरवा. परतल्यावर त्यांचे पेशंट त्यांच्याकडे परत द्या. ‘सध्या हलकं काम बघा’ हे न विचारता ठरवू नका.

एखाद्या पेशंटने जीव दिला, तर त्या दिवशी पिअर वर्करला एकटं घरी पाठवू नका, आणि ‘त्यांना सोसणार नाही’ म्हणून टीमच्या बैठकीतून वगळूही नका. त्या माणसासोबत सगळ्यात जास्त वेळ कदाचित तेच बसलेले असतात. चौकशीची भाषा टाळा. शेवटची भेट कशी झाली, हे ज्याला सांगायचं असेल त्याला सांगू द्या. पुढच्या काही आठवड्यांत तुमचा तो ठरलेला तास एकदाही चुकवू नका.

पायरी ८: पुढची वाट

दोन-तीन वर्षांनी प्रश्न येतो, पुढे काय? वरिष्ठ पिअर वर्कर, प्रशिक्षक, नव्या पिअर वर्करचा सुपरवायझर, अशी पदं आधीपासून कागदावर असतील तरच माणूस थांबतो. सतत तळाच्या पायरीवर ठेवून ‘तुमचं काम फार मोलाचं आहे’ म्हणणं पुरत नाही.

आणि कधी कधी कुणी येऊन म्हणतं, “मला आता ती गोष्ट सांगायची नाही. कंटाळा आलाय आजारी माणूस म्हणून ओळखलं जाण्याचा.” तिला अडवू नका. वर्षानुवर्षं आपलं दुःख कामाला लावलेल्या माणसाला ते एक दिवस ठेवून द्यावंसं वाटू शकतं. दुसरं काम शोधायला मदत करा आणि शिफारसपत्र लिहून द्या. त्यात तिने चालवलेले गट लिहा, शिकवलेले नवे सहकारी लिहा, बदलायला लावलेली डिस्चार्जची पद्धत लिहा. पदाचं नाव काय लिहायचं, ते मात्र तिलाच विचारा. पिअर वर्कर म्हटलं की आजाराचा उल्लेख आपोआप येतो, आणि तो यावा की नाही हे तिने ठरवायचं.